काजूच्या बागेतून विमानाच्या नाकात

मित्रांनो, मी काजूच्या बागेत गवत कापणारे एक जुने पेट्रोल इंजिन आहे. सध्या माझा मुक्काम एका लाकडी विमानाच्या नाकात आहे, आणि खरे सांगायचे तर मला उंचीची भीती वाटते.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. आठवते ती वेंगुर्ल्याजवळची गुरुदासांची बाग. काजू गळू लागण्याआधी झाडांखालचे गवत काढावे लागते, नाही तर पडलेली बी दिसत नाही. गुरुदास मला पट्ट्याने खांद्याला अडकवत. दांड्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला पाते. दहा हंगाम मी एकदाही अडून बसले नाही. शेजारी मला उसने मागायला येत, तेव्हा गुरुदास म्हणत की एक वेळ बायकोचे दागिने देईन, पण हे देणार नाही. त्यावर राधाबाई स्वयंपाकघरातून विचारत, दागिने आहेत कुठे?

मग बागेत नवे यंत्र आले. मला मांगरातल्या, म्हणजे बागेतल्या खोपटातल्या, खिळ्याला टांगले. पोटात उरलेल्या पेट्रोलचा चीक झाला. धूर जाण्याच्या नळीत कुंभारीण माशीने घर बांधले. तीन पावसाळे मी तसेच लटकत होते.

एका रविवारी गुरुदासांनी मला खाली काढले. कुडाळला शिक्षिका असलेली त्यांची मुलगी शर्मिला सोबत होती. बापलेक दोघांना विमानांचा नाद. बॅटरीवर उडणारी लहान विमाने ती दोघे सड्यावर, गावाबाहेरच्या उघड्या कातळावर, उडवत. आता त्यांनी मोठे विमान बांधले होते, आठ फूट पंखांचे, आणि त्याला हवे होते पेट्रोलचे इंजिन.

आधी चीक आणि माशीचे घर साफ झाले. मग माझा दांडा गेला, सुरू करायची दोरी गेली. दांड्याच्या जागी लाकडी पंखा बसला. विमानाच्या नाकाशी जाड प्लायवूडची भिंत होती. पेट्रोल तिच्यात मुरू नये म्हणून शर्मिलाने तिला राळेचे दोन हात दिले. माझ्या वजनाने नाक खाली झुकले, म्हणून बॅटरी शेपटीकडे सरकवली. हवा गाळणारी माझी डबी मात्र नाकात मावेना. ती काढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा घसा उघडा पडला. शिवाय मी थरथरणारे. जमिनीवर खांदे थरथरले तर माणूस सोसतो. हवेत डिंकाचे सांधे सोसतील का, हीच माझी काळजी.

मला त्या भिंतीवर चार बोल्टनी बसवायचे होते. गुरुदासांनी तीन आवळले. चौथा हाताने नुसता चढवला आणि ते जेवायला गेले. ते मांगरात परत आले नाहीत. श्रावण होता.

चौथा बोल्ट शर्मिलाने आवळला, पण फार उशिरा, मार्गशीर्षात. राधाबाईंना ते पसंत नव्हते. त्यांचे म्हणणे, नवरा गेला, त्याच्या हातची एवढीच वस्तू उरली आहे, ती फडक्यात गुंडाळून ठेवावी.

"ह्या पडला तर माका सगळा परत सोसूचा लागतला," त्या म्हणाल्या. "ता मांगरात ऱ्हवांदे."

शर्मिलाने वाद घातला नाही. बाबांनी ते टांगून ठेवायला बांधले नव्हते, एवढेच ती म्हणाली. आणि ज्या सकाळी आम्ही सड्यावर निघालो, त्या सकाळी राधाबाई टेम्पोत पुढे येऊन बसल्या. भीती दोघींना होती. आणि मलाही.

या घरात पंप असो, टेम्पो असो, कोणतेही यंत्र देवाला गाऱ्हाणे घातल्याशिवाय सुरू होत नाही. गुरुदासांचे धाकटे भाऊ मंगेश नारळ घेऊन पुढे आले.

"बा देवा म्हाराजा, गुरुदासान केलेला ह्या विमान आज वर जाता. ता सुखरूप खाली येवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मायलेकी म्हणाल्या.

मग नारळ फुटला, आणि मंगेशकाकांनी रिवाजाप्रमाणे त्याचे पाणी माझ्यावर शिंपडले. बागेत असताना ते डबीवर पडायचे आणि ओघळून जायचे. आज ते सरळ माझ्या घशात गेले. तिथे सुईच्या टोकाएवढे एक भोक असते. मी हळू चालत असताना त्यातूनच मला पेट्रोल मिळते. त्या भोकात खोबऱ्याचा कण बसला. मला कळले, पण मी बोलणार कसे?

काकांनी शेपटी धरली, शर्मिलाने जाड हातमोजा घालून पंख्याला झटका दिला. मी सुरू झाले. पूर्ण वेग दिल्यावर कातळ घुमला. वेग कमी करताच मात्र मी ठसकले आणि बंद पडले. पुन्हा तेच. काकांना त्यात काही वावगे दिसेना.

"फूल वेग दिल्यार बरा वाजता गो. वारो सुटायच्या आधी उडव."

"वर जातला, काका. पण उतरताना वेग कमी केलंय की बंद पडतला. असो आवाज आयकान बाबांनी ह्या खांद्यार घेतला नसता."

समुद्राकडून वारा जागा होऊ लागला होता. तरी तिने घाई केली नाही. कातळावर फडके पसरून तिने माझा घसा उघडला, पेट्रोलने धुतला, बारीक नळीने फुंकर मारली. कण निघाला. काका ओशाळून माळाच्या दुसऱ्या टोकाला, विमानाच्या वाटेत चरणारी गुरे हाकायला गेले.

पण मग शेपटी धरायला कोणी उरले नाही. राधाबाई उठल्या, पदर खोचला आणि विमानामागे जाऊन बसल्या. मी सुरू झाले. पूर्ण वेगातही, मंद वेगातही एकदाही ठसकले नाही. माझी थरथर लाकडातून त्यांच्या तळव्यांपर्यंत पोहोचली.

"बागेतसून येयत तेव्हा ह्यांचे हात असेच थरथरत," त्या म्हणाल्या. "वाटी धरवायची नाय."

शर्मिला रिमोट हातात घेऊन उभी होती. तिने वाऱ्याचा अंदाज घेतला.

"आये, सोड आता."

त्यांनी लगेच सोडले नाही. मी ओढत होते, त्या धरून होत्या.

"सोडतंय," त्या म्हणाल्या, आणि सोडले.

मित्रांनो, वरून काजूची बाग केवढीशी दिसते! तीन फेऱ्या झाल्या. उतरताना वेग कमी झाला, तेव्हा मी जीव मुठीत धरून हळूहळू धडधडत राहिले. एक चाक वाकले. बाकी सगळे जागेवर होते.

तुमच्याही घरात कोणाच्या हातचे एखादे यंत्र असेल. त्याला टांगून ठेवू नका. त्याला चालवा, आणि काम झाल्यावर त्याच्या पोटातले पेट्रोल काढून टाका. आवाज बदलला तर वारा कितीही सुटो, आधी थांबा, उघडून बघा. आम्हाला बोलता येत नाही, आवाजातून तेवढेच सांगता येते.

चाक सरळ झाले आहे. येत्या रविवारी पुन्हा सड्यावर जायचे, आणि शेपटी आपणच धरणार असे राधाबाईंनी सांगून ठेवले आहे. मला आतापासूनच धाकधूक वाटते आहे.