जावईबापूंचं घड्याळ

दुकानात सगळे त्यांना जावईबापू म्हणत, अर्थात पाठीमागे. नाव थोरलीने ठेवलं होतं. गृहस्थ यायचे, कोपऱ्यातल्या मऊ खुर्चीत बसायचे, दिलेली कॉफी निमूट प्यायचे आणि रुसलेल्या जावयासारखे कुणीतरी समजूत काढायला येईल म्हणून वाट बघायचे. समजूत काढायचं काम धाकटीकडे. विक्रीला दोघीच बायका, म्हणून एक थोरली आणि एक धाकटी. नावाने हाक मारायची तिथे रीतच नव्हती.

दुकान महागड्या घड्याळांचं. कंपनीने त्या शहरात विकायची परवानगी या एकाच दुकानाला दिलेली. आता कुणाला वाटेल, परवानगी आहे म्हणजे माल असेल. तर तसं नव्हतं. ज्या निळ्या तबकडीच्या घड्याळासाठी लोक दार ढकलून आत येत, ते काचेत एकच होतं आणि त्याच्या पायाशी चिठ्ठी होती, की हे केवळ पाहण्यासाठी. विकायचं घड्याळ क्वचित कधी येई, आणि आलं की काचेचं तोंडही न बघता तिजोरीत जाई. तिजोरीतून ते कुणाच्या मनगटावर जायचं हे शेठ ठरवत. शेठ कुणाला धरतात आणि कुणाला लोंबकळत ठेवतात, हे दोघींना पाठ झालं होतं. उद्या आपल्या उपयोगी पडेल अशाला घड्याळ. बाकीच्यांना खुर्ची आणि कॉफी.

पण बाकीच्यांना तसं सांगायचं नाही, हा शेठचा दंडक. नाही हा शब्द काउंटरवर काढायचाच नाही. आज नाही, असं म्हणायचं. आणि जाता जाता सुचवायचं, की साहेब, दुकानाशी येणं-जाणं वाढलं तर आम्हालाही तुमच्यासाठी शब्द टाकता येतो. येणं-जाणं म्हणजे खरेदी. जे काचेत धूळ खात पडलंय त्याची.

धाकटीचा आवाज मऊ आणि चेहरा साधा, त्यामुळे हे सुचवणं तिला फार छान जमे. तिच्या भरवशावर जावईबापूंनी भिंतीवरचं घड्याळ नेलं, बायकी घड्याळं नेली, घड्याळं ठेवायची चामडी पेटी नेली. पेटीत ठेवायला घड्याळ नव्हतं तरी नेली. पाण्याच्या टाक्या बनवायचा त्यांचा कारखाना होता, हात सैल होता, पण उधळा नव्हता. प्रत्येक वस्तू घेताना ते जरा घुटमळत, धाकटीकडे बघत. ती हसून मान हलवी, आणि ते घेत.

एकदा त्यांनी मन मोकळं केलं होतं. थोरला भाऊ परवाने देणाऱ्या कचेरीत मोठा साहेब. त्याच्या हातात ते निळं घड्याळ आहे, याच दुकानातलं, मागितल्याबरोबर मिळालेलं. घरात चार माणसं जमली की भाऊ मनगट पुढे करतो आणि म्हणतो, आमच्या धाकट्याला अजून कुणी विचारत नाही. धाकटीने तेव्हा जिभेने चुकचुक केली आणि त्यांना आणखी एक कॉफी दिली.

मग एक घड्याळ आलं. ते डॉक्टरीणबाईंना द्यायचं ठरलं, कारण त्यांचे यजमान शेठच्या गुडघ्यांवर उपचार करत होते. घड्याळ आलं की ते हातावर बांधून त्याचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवायचा, ही दुकानाची पद्धत. खोक्यातलं घड्याळ बघून माणूस हरखत नाही, हातावरचं बघून हरखतो, असं शेठचं म्हणणं. धाकटीने घड्याळ बांधलं, बाही मागे सारली, फोटो काढला, पाठवून दिला. तिच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, इस्त्रीने भाजल्याचा तपकिरी डाग होता. एरवी तो बाहीखाली झाकलेला असे. त्या दिवशी तिच्या ध्यानातच आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी तो फोटो आनंदाने सगळ्या गावाला पाठवला. हातोहात फिरत तो कुठे पोचला असेल ते सांगायला नको.

त्यानंतर जावईबापू आले तेव्हा त्यांनी कॉफीला हात लावला नाही. विचारलंही काही नाही. धाकटी नेहमीचं बोलू लागली, तर ते तिच्या तोंडाकडे बघतच नव्हते, हाताकडे बघत होते. तिने नकळत बाही खाली ओढली.

"इस्त्रीने भाजलं का, ताई?" त्यांनी अगदी मायेने विचारलं.

आणि उठून गेले.  माणूस ओरडला असता, शिव्या घातल्या असत्या, तर धाकटीला त्याची सवय होती. हे असं हळू बोलणं तिने कधी ऐकलं नव्हतं.

तिथून तिचं स्वास्थ्य गेलं. संध्याकाळी बसच्या थांब्यावर उभी असताना ते रस्त्याच्या पलीकडे दिसले. नुसते उभे होते, हातात काही नाही, ओळखही दाखवली नाही. पुढे एकदा बसमध्ये मागच्या बाकावर होते. ती मधेच उतरली आणि उरलेली वाट दुकानांच्या उजेडातून चालत गेली. मागे वळून बघायची हिंमत होत नव्हती आणि न बघता पाऊल पुढे पडत नव्हतं. दारावरच्या शिपायाने सांगितलं, की ते गृहस्थ तुमची सुट्टी कधी असते ते विचारत होते, ओळखीचे म्हणून मी सांगितलं. घरी तरी कुणाला सांगणार? नवरा बोटीवर, फोन लागला तर लागला. सासूबाईंना सांगावं तर त्या घाबरून तिच्या लेकीला शाळेत धाडायच्या नाहीत.

तिने धीर करून शेठना सांगितलं. शेठ हसले. म्हणाले, जावई आहे आपला, जावयाला कुणी भितं का? वर बजावलं, की त्यांना दुखवू नकोस, अजून दोन-तीन वस्तू सहज घेतील. थोरलीने मात्र थट्टा केली नाही. रोज घरी पोचलीस की फोन करत जा, एवढंच म्हणाली. त्यामुळे धाकटीची भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढलीच.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती भाजी घेऊन आली, तर दाराशी पुरुषाचे बूट होते. चांगले, पुसलेले, जोडीने लावून ठेवलेले. आतून लेकीचं हसणं ऐकू येत होतं. धाकटीच्या हातातली पिशवी जड झाली. तिने दार लोटलं.

जावईबापू खुर्चीत बसले होते, तसेच, दोन्ही हात गुडघ्यांवर. पुढ्यात सगळी खोकी मांडलेली होती. भिंतीवरचं घड्याळ, चामडी पेटी, सगळं जसंच्या तसं, फितीसुद्धा न सोडलेल्या. फक्त एका खोक्याची फीत सुटली होती. त्यातलं बायकी घड्याळ लेकीच्या हातात होतं, कोपरापर्यंत सरकवलेलं, आणि ती त्यांच्या खुर्चीला टेकून उभी होती. सासूबाई कौतुकाने सांगू लागल्या, की अगं, तुमच्या दुकानातले साहेब आलेत, केवढं काय काय घेऊन आलेत बघ, आणि तू म्हणतेस तिथे कदर नाही.

धाकटीने लेकीला हाक मारली. लेक घड्याळात दंग होती. जावईबापूंनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला होता. जड नाही, हलकाच. पण ठेवला होता.

ते म्हणाले, रागाने आलेलो नाही. मला एवढंच कळलं, की काहीतरी दिलं की मिळतं. इतके दिवस मी दुकानाला देत होतो, तिथेच चुकलं. म्हणून हे सगळं तुमच्याकडे आणलं, ठेवून घ्या. घड्याळं तिजोरीत येतात, एक मी तुमच्या हातावर बघितलंय. मग त्यांनी नेहमीच्या सुरात विचारलं, "आज देता का, ताई?"

सासूबाईंचा चेहरा उतरला. हा माणूस कोण आणि कशाला आलाय, ते त्यांना आता कुठे उमगलं. त्या नातीकडे बघू लागल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

धाकटीच्या ओठांवर ते दोन शब्द तयार होते. बोलायचं म्हटलं की तेच बाहेर येत, इतकी वर्षं तोंडात घोळलेले. आज नाही म्हटलं असतं तर ते आताही उठून गेले असते, गपगुमान. आणि उद्या आले असते. दुकानात नाही, इथे. ती कामावर असताना, सासूबाई डोळा लागून पडलेल्या असताना, लेक शाळेतून एकटी जिना चढत असताना. त्यांना आशा दाखवली की ते येतात, आणि ही सवय तिनेच त्यांना लावली होती.

"मिळणार नाही," ती म्हणाली. "आज नाही, उद्या नाही. तुम्हाला ते घड्याळ कधीच मिळणार नाही."

 लेकीच्या खांद्यावरचा हात तसाच होता. पण एकदा सुरू झाल्यावर धाकटीला थांबता येईना. तिने सांगून टाकलं, की तुमचं नाव वर कधी गेलंच नाही. जाणारही नव्हतं. शेठना ज्याच्याकडून काम काढायचं असतं त्याला घड्याळ मिळतं, आणि तुमच्याकडे त्यांचं काहीच काम नाही. तुम्ही जे घेतलंत त्यातल्या एकाही वस्तूने तुमचा नंबर पुढे सरकला नाही. आम्ही नुसतं बोलत होतो, तसं बोलायची आम्हाला ताकीद आहे.

 मग जावईबापूंनी लेकीचा हात आपल्या हातात घेतला.  त्यांनी घड्याळाची कडी शोधली, ती लवकर सापडेना. शेवटी सुटली. त्यांनी घड्याळ खोक्यात ठेवलं आणि लेकीला हलकेच आईकडे ढकललं. लेक येऊन धाकटीच्या पायाला बिलगली. 

"हे माझ्या भावाला सांगाल?" त्यांनी विचारलं. "मी सांगितलं तर तो हसेल."

त्यांचा आवाज आता वेगळाच झाला होता, खेळात हरलेल्या पोरासारखा. पण ते खुर्चीतून उठले नव्हते. सांगितल्याशिवाय उठणार नाहीत, हे तिला दिसत होतं. तिने मान हलवली. त्यांनी फोन लावला आणि खोक्यांवर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

पलीकडून भाऊ जेवून सुस्तावल्यासारखा बोलत होता. धाकटीने आपण दुकानातल्या अमुक असं सांगितलं आणि मघाचंच सगळं पुन्हा सांगितलं, जरा अडखळत. तुमच्या भावात काही कमी नव्हतं, असंही म्हणाली. भाऊ खरोखरच हसला.

"वा," तो म्हणाला. "मग माझं बरं लगेच आलं?"

इथे ती थांबली असती तर निभावलं असतं. पण समोर जावईबापू तिच्याकडे डोळे लावून बसले होते, आणि त्या डोळ्यांचीच तिला भीती होती.

"तुमचं घड्याळ दुकानाच्या वाढीव बांधकामाच्या परवान्याबरोबर गेलं, साहेब," ती म्हणाली. "तुमच्या हातात मीच बांधलं होतं. तुम्ही आमच्याकडे एक पैसा दिलेला मला आठवत नाही."

हसणं थांबलं. भावाने अगदी थंडपणे तिला विचारलं, की बाई, तुमचं नाव काय म्हणालात? तिने सांगितलं. फोन बंद झाला.

जावईबापू बऱ्याच वेळाने उठले. ते खोकी गोळा करू लागले तेव्हा सासूबाईंनी पुढे होऊन न बोलता त्यांना सुतळी दिली, हवी तेवढी कापून दिली. लवकर जावेत म्हणून दिली, की दया आली म्हणून, ते त्यांचं त्यांना ठाऊक. दारात बूट चढवताना त्यांनी वर बघितलं.

"विकताना तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," धाकटी म्हणाली.

त्यांनी मान डोलावली. चूक कुठे झाली ते कळलेल्या माणसासारखी. मग ते खोकी सावरत एकेक पायरी उतरून गेले. पायांचा आवाज विरेपर्यंत ती दाराला पाठ लावून उभी होती. खिडकीतून बघितलं तेव्हा ते रस्त्याच्या कडेला गाडीची वाट बघत होते. गाडी आली, खोकी आत गेली, तेही गेले. त्यांनी वर बघितलं नाही.

ते पुन्हा येणार नाहीत, असं तिला आतून वाटलं. पण कडी लावली ती लावलीच.

भाजी निवडायला बसली तेवढ्यात फोन थरथरू लागला. शेठ. इतक्या लवकर येईल असं तिला वाटलं नव्हतं. सासूबाईंनी लेकीला आतल्या खोलीत नेलं आणि स्वतः मात्र परत येऊन समोर बसल्या. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. तिला परवाना आठवला, बोटीवरचा नवरा आठवला, त्याच्या पगाराला लागणारा उशीर आठवला.  थोरलीने एकदा एका जुन्या बाईंची गोष्ट सांगितली होती. शेठनी त्यांना काढलं तर काढलं, वर शहरात कुठे काम लागू दिलं नव्हतं.

तिने फोन उचलला.

शेठ ओरडत नव्हते. हळू बोलत होते, अगदी मायेने. तुझ्याकडून अशी अपेक्षा नव्हती, म्हणाले. काउंटरची किल्ली दारावरच्या शिपायाकडे पोचती करायला सांगितली, आणि जावईबापूंच्या भावाचा त्यांना फोन आला होता हेही सांगितलं. बाकी काय ते बघू, म्हणाले. बाकी म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची तिची छाती झाली नाही. ती नुसती हो म्हणत गेली.

फोन ठेवला तेव्हा हातात भाजीची जुडी तशीच होती, पानं चुरगळलेली. सासूबाई तिच्याकडे बघत होत्या.

"काय म्हणाले गं?"

धाकटीने जुडी खाली ठेवली. लेकीला ऐकू जाईल म्हणून आवाज खाली आणला.

"उद्या माझा डबा करू नका, आई," ती म्हणाली. "आणि शाळेत मीच नेऊन सोडेन तिला. आणायलाही मीच जाईन."