मधली केबल

कागदाच्या कारखान्यात बारा वर्षं स्टोअर सांभाळल्यावर वहिनींच्या हातात कॅमेरा आला, तोही दुसऱ्या कुणाला नको होता म्हणून. उष्णता दाखवणारा कॅमेरा. गार ते निळं, गरम ते पिवळं आणि फारच तापलेलं ते पांढरंफेक. दहा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन त्या परतल्या आणि पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पडल्या. स्टीलच्या चकचकीत टाकीवर पिवळा डाग दिसला म्हणून त्यांनी अख्खी लाइन थांबवायला लावली. डाग कसला, त्यांच्याच अंगाच्या उष्णतेचं प्रतिबिंब होतं ते! तेव्हापासून कॅन्टीनमध्ये कुणी ना कुणी विचारायचंच, "काय वहिनी, आज भूत कुठे दिसलं?"

त्या घरी धुमसत राहिल्या. सासरे बॉयलरवर उभा जन्म काढलेले. एकदा भाजी निवडता निवडता ते म्हणाले, "चुकलीस, ठीक आहे. पण चुकायच्या भीतीनं गप्प बसणार असशील, तर कॅमेरा परत देऊन टाक."

पुढच्याच सोमवारी वाळवणी विभाग तपासायची पाळी होती. जाड हातमोजे आणि तोंडावर काच चढवून मिस्त्रींनी मोठ्या पंख्याच्या पॅनेलचं दार उघडलं. हे मिस्त्री कारखान्याचे सगळ्यात जुने इलेक्ट्रिशियन, आणि थट्टेत सगळ्यात पुढे. आत तीन केबली. कडेच्या दोन हिरवट. मधलीचं टोक पांढरंफेक. शेजारणी सेहेचाळीस अंशांवर, ही एकशे अठरावर.

"लोड आहे, तापणारच," मिस्त्री म्हणाले.

वहिनी दोन पावलं डावीकडे गेल्या, मग उजवीकडे. प्रतिबिंब असतं तर सरकलं असतं. डाग जागचा हलला नाही. मग चकाकणारं तांबं सोडून त्यांनी शेजारच्या काळ्या आवरणावर नेम धरला. आकडा जवळपास तोच.

"मिस्त्री, तिन्ही केबलींचा करंट मोजता का?"

पुटपुटत मिस्त्रींनी मीटर लावला. एकशे ब्याऐंशी. एकशे एक्याऐंशी. एकशे त्र्याऐंशी. पुटपुटणं थांबलं.

"करंट सारखा, मग ताप एकटीलाच का?" वहिनी म्हणाल्या. "आणि तोही टोकाशी, पुढे उतरत गेलाय. जोड सैल आहे. पंखा थांबवायला हवा."

हे कळताच कारखान्याचे मॅनेजरसाहेब धावत आले. "आज ट्रक भरायचेत. सुट्टीच्या दिवशी बघू."

"सुट्टीपर्यंत थांबेन असं त्या जोडानं सांगितलंय का, साहेब?"

"मागच्या वेळीही तुम्ही अशाच—"

"मागच्या वेळी चुकले. आज नाही. चालू ठेवायचं तर तसं लिहून तुम्ही सही करा. मी करणार नाही."

साहेबांनी मिस्त्रींकडे पाहिलं. आता हे टोमणा मारणार, असं सगळ्यांनाच वाटलं. मिस्त्रींनी पॅनेलचं दार लावलं, तोंडावरची काच वर केली आणि म्हणाले, "अर्धा तास द्या, साहेब. मी वहिनींच्या बाजूनं आहे."

पंखा थांबला. वीज तोडून, कुलूप घालून मिस्त्रींनी नटाला पाना लावला. पण पान्याची गरजच पडली नाही, नट बोटानंच फिरला. केबलीचं आवरण कोळशासारखं हातात गळून आलं. आणि खाली, पॅनेलच्या तळाशी, कागदाची भुकटी साचली होती. वरचा थर करपून तांबूस झाला होता.

साहेबांनी चिमूटभर उचलून पाहिली. त्यांचा चेहरा उतरला. "ठिणगी पडायचाच अवकाश होता."

"सव्वीस माणसं आहेत या हॉलमध्ये," वहिनी म्हणाल्या.

मिस्त्रींनी जळकं टोक छाटलं, नवा जोड घट्ट आवळला. पंखा घरघरत सुरू झाला, पूर्ण लोडवर आला. वहिनींनी कॅमेरा रोखला: तिन्ही केबली एकसारख्या हिरव्या! मिस्त्रींनी "जमलं!" अशी आरोळी ठोकली आणि यंत्रांच्या आवाजावर टाळ्या कडाडल्या.

"सगळी पॅनेलं तपासा," साहेब म्हणाले. "वाफेच्या लाइनीसुद्धा. थांबवा म्हणाल ते थांबेल."

महिनाभरात सात सैल जोड सापडले, आणि वाफेच्या लाइनीतलं पाणी काढताना वाफही वाया घालवणारे अकरा ट्रॅप. बॉयलरचं इंधन इतकं कमी लागू लागलं, की तिथल्या ऑपरेटरनं आधी मीटर बिघडला म्हणून तक्रार केली. कंपनीनं दुसरा कॅमेरा मागवला. शिकायला कोण तयार, असं विचारताच पहिला हात वर गेला तो मिस्त्रींचा.

"अहो, तुमची निवृत्ती दोन वर्षांवर आली," वहिनी हसल्या.

"म्हणून तर घाई आहे. चला, कुठून सुरुवात करायची?"