तिसऱ्या नळीतली शेवटची

मी एक फळमाशी बोलतेय. पिकल्या केळ्यांभोवती चिलटं घोंगावतात ना, त्यांच्याच गोतातली. पण केळं मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. माझा जन्म प्रयोगशाळेतल्या बाटलीत, मक्याच्या पिठाच्या गोड लापशीत झाला. आमच्या घराण्याची ही चौसष्टावी पिढी.

घराणं उपासमारीतून घडलेलं. दर पिढीत अन्न बंद करायचं, शंभरातल्या ऐंशी मेल्या की उरलेल्या विसांपुढे लापशी ठेवायची, आणि पुढची पिढी त्यांचीच वाढवायची. असं करता करता आम्ही जन्मतःच गुबगुबीत निघू लागलो. अंगात चरबी भरपूर, हालचाल बेताची. शेजारच्या कपाटातल्या साध्या माश्या आम्हाला ऐदी म्हणत असतील. पण उपाशी ठेवलं की त्या दोन-तीन दिवसांत आटोपतात.

मला एकोणीस जणींबरोबर या नळीत टाकलं, त्याला आज बारावा दिवस. खाली नुसत्या पाण्याची जेली, वर कापसाचा बोळा. तहान भागते, भूक नाही. चढावं तर बोळा, उतरावं तर जेली. वैताग आलाय नुसता.

एक संशोधक मुलगी दर चार तासांनी येऊन नळीला टिचकी मारते. पाय हलला तर जिवंत, नाही तर मेली. मध्येच तिच्या आईचा फोन येतो, जेवलीस का म्हणून. ही हो म्हणून मोकळी होते, आणि डबा टेबलावर तसाच बंद. माणसांना भुकेबद्दलही खोटं बोलता येतं, याचं मला नवल वाटतं.

विसांतल्या आम्ही चौघीच उरलो, तेव्हा मी बोळ्याकडे डोळे लावून बसले. आता लापशी येणार! आली नाही. आणखी तिघी गेल्या. मग मुलीनं तिच्या सरांना विचारलं, हिला आता खायला देऊ का?

"नाही गं. ही नळी पैदाशीची नाही, किती दिवस तगतात ते फक्त मोजायचं आहे. शेवटची मरेपर्यंत थांबायचं."

माझं अवसानच गळालं. घराण्यानं मला वाट पाहायला शिकवलं होतं, आणि वाट पाहण्यासारखं काही नव्हतंच.

आज सुट्टी. बाकी सगळ्या नळ्या संपल्यात, ती माझ्या एकटीसाठी आली. नळी डोळ्यांजवळ धरून हळूच म्हणाली, "मर ना गं बाई आता. मलाही घरी जायचंय."

लगेच तिचे डोळे भरून आले. मला राग नाही आला. तिच्यामुळे मी अडकले, माझ्यामुळे ती.

मी ठरवलं, पुढच्या टिचकीला पाय हलवायचा नाही. ती मला मेली समजून स्पिरिटच्या वाटीत टाकेल, दोघी सुटू. चार तासांनी टिचकी वाजली, आणि पाय आपोआप उचलला गेला. काय करू? ज्यांनी हाय खाल्ली त्यांचा वंश चाललाच नाही. मी तग धरणाऱ्यांच्याच पोटची.

तिनं वहीत पुन्हा लिहिलं, एक जिवंत.

पोरी, मला सोडणं तुझ्या हातात नाही, मरणं माझ्या हातात नाही. पण टिचकी जरा हळू मार. तुला पाय दाखवायचा म्हणजे आता माझा सगळा जीव खर्ची पडतो.