पांढरी वाळू

ऑफिसात तिला सगळे खापरबाई म्हणत. उभी हयात जुनी खापरं जोडण्यात गेली, म्हणून. तीन नगरपालिकांनी मिळून चालवलेलं पुरातत्त्व कार्यालय गेल्या वर्षी बंद पडलं आणि तिची रवानगी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर झाली. तीन तिघाडा काम बिघाडा, असं लोक हसून म्हणाले. बिघडवलं कोणी, ते मात्र कोणी विचारलं नाही.

ते कार्यालय उभं केलं होतं तिच्या मामांनी. आता ते तिच्याच घरी, आतल्या खोलीत, अर्धांगाने अंथरुणाला खिळले होते. नोकरीच्या शेवटी शेवटी त्यांना बसस्टँडमागे कुंभाराची प्राचीन भट्टी सापडली होती. आत मडकी रचलेली, कोणी कधी न काढलेली. "हे नीट उघडायची अक्कल आपल्याला नाही. आपल्यापेक्षा शहाणे येतील, ते उघडतील," म्हणत मामांनी ती पुन्हा बुजवली. वर पाटी लावली नाही. पाटी दिसली की गुप्तधनवाले कुदळी घेऊन हजर. त्याऐवजी भट्टीवर पांढऱ्या वाळूचा जाड थर घातला. तिन्ही गावांतल्या मजुरांना तेव्हा ठाऊक होतं: खणताना पांढरी वाळू लागली, की फावडं खाली ठेवायचं आणि कार्यालयाला कळवायचं.

आता तिथून शेजारच्या गावाची पाइपलाइन जाणार होती. ती त्या गावच्या इंजिनियरला जाऊन भेटली, वाळूची खूण सांगितली. "मजुरांना सांगतो की मॅडम, काळजीच सोडा," तो म्हणाला. काळजी काही सुटली नाही, पण खणायच्या दिवशी रजा मिळेपर्यंत दुपार झाली. वरातीमागून घोडं, तशी ती पोचली.

चर बराच पुढे गेला होता. मुकादम खुशीत होता.

"नशीब बघा, बाई! पाइप कमरेइतकाच खोल टाकायचा होता. पण चाळून ठेवल्यासारखी वाळू लागली, म्हणून आणखी खाली गेलो. फुकट ते पौष्टिक! सगळी काँक्रीटला लावली."

"आणि वाळूखाली?"

"विटा न् मडकी. फोडून भराव केला."

"वाळू लागली की थांबा, असं कोणी सांगितलं नव्हतं?"

"वाळू लागल्यावर कोण थांबतं, बाई?" त्याने अगदी मनापासून विचारलं.

तिला मोठ्याने रडावंसं वाटलं. मामांनी राखणीला ठेवलेल्या वाळूनेच माणसांना खाली नेलं होतं. वाळू नसती, तर पाइप भट्टीच्या वरून निघून गेला असता.

घरी मामा वाटच बघत होते. जीभ जड, तरी विचारलंच.

"वाळू लागली का गं?"

"लागली, मामा."

"मग थांबले असतील."

"हो. थांबले."

मामांचा अर्धा चेहरा हसला. "बघ! आता तुझ्या मागून येईल त्यालाही हे शिकवून ठेव."

तिच्या मागून कोणीच येणार नव्हतं.

"शिकवते," ती म्हणाली आणि त्यांची उशी सरळ केली.