माझा आवाज वाढवू नका

मित्रांनो, मी एक जुना लाउडस्पीकर आहे. माझी उमेदीची वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात गेली. मशिनांच्या खडखडाटातही माझा आवाज थेट गेटपर्यंत पोचायचा. "आवाज आहे का चेष्टा, राव!" असं कामगार म्हणायचे आणि मी फुगायचो. पुढे कारखाना बंद पडला. अडगळीत धूळ खात पडलो होतो, तिथून मला दिव्यांगांना नोकरी मिळवून देणाऱ्या एका केंद्रात आणलं. चला, पुण्याचं काम मिळालं, असं मला वाटलं. आज त्या वाटण्याचीच लाज वाटते.

परवा चाकणच्या एका कंपनीची गाडी दारात उभी होती. वायरिंग जोडायला माणसं हवी होती. टेबलामागच्या इंदुताई माइकवर नाव घेणार, मी ते पुकारणार, आणि ज्याचं नाव त्यानं उठून गाडीत बसायचं. निगडीच्या निरंजनला ऐकू येत नाही, पण वडील शेजारीच बसले होते. नाव येताच त्यांनी त्याला कोपरानं ढोसलं आणि तो गेला.

चऱ्होलीच्या मैत्रीलाही ऐकू येत नाही. हे काम ती मन लावून शिकलेली. पण तिची आई सोजरबाई एका कँटीनमध्ये पोळ्या लाटते. खाडा केला तर हातचं काम जायचं. म्हणून पोर एकटीच आली. सगळे माझ्याकडे बघतात, म्हणजे नावं इथूनच निघतात, हे तिनं बरोबर हेरलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून तिनं हळूच माझ्या खोक्यावर तळहात ठेवला.

मी थरथरलो की ती उठायची. पण मित्रांनो, मी प्रत्येक नावाला सारखाच थरथरतो हो! ती दुसऱ्याच्या नावाला उठली. पुन्हा उठली. कुणीतरी फिदीफिदी हसलं, मग सगळेच हसले. तिनं हात काढून मांडीवर ठेवला आणि मान खाली घातली.

पुढचं नाव तिचं होतं.

मी जीव तोडून ओरडलो. इंदुताईंनी पुन्हा पुकारलं.

"न्हाई आली वाटतं, ताई. पुढचं घ्या," शिपाई चिमाजी म्हणाला. गाडी भरली नि गेली.

खोली रिकामी झाली तरी मैत्री बसूनच होती. इंदुताईंनी नाव विचारलं तेव्हा तिनं आपलं कार्ड पुढे केलं.

"मैत्री? अगं बाई, मग ओ का नाही दिलीस?"

मैत्रीनं कानाला हात लावून मान हलवली. इंदुताईंचा चेहरा खर्रकन उतरला. चिमाजी बिचारा भला माणूस. त्यानं घाईघाईनं माझं बटण फिरवलं. "उद्यापास्नं आवाज वाढवतो, ताई."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

मित्रांनो, माझा आवाज वाढवू नका. मला बंद करा. आणि मैत्रीचं नाव घ्यायचं असेल तेव्हा तेवढं खुर्चीवरून उठा, आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहा.