मेडलांखालचे कागद

हे जाऊन महिना झाला, तेव्हा संस्थेचे संचालक दोन प्राध्यापकांना घेऊन ह्यांची मेडलं न्यायला आले. काचेच्या कपाटात मांडणार म्हणे.

सैद्धांतिक भौतिकशास्त्र म्हणजे ह्यांच्या लेखी कागद, पेन्सिल आणि डोक्यावर फुल्ल पंखा. पंख्याशिवाय डोकं चालायचं नाही आणि पंख्याने कागद उडायचे. म्हणून मिळेल ते मेडल ह्यांनी कागदांवर ठेवलं. सगळ्यांत मोठं, सोन्याचं, न सुटलेल्या गणितावर होतं.

"हे कशाबद्दल मिळालं होतं?" संचालकांनी विचारलं.

"मला काय ठाऊक? उचलू नका, एवढं ठाऊक आहे."

त्यांनी उचललंच. कागद खोलीभर झाले. पानांना क्रमांक घालायची ह्यांना कधी सवयच नव्हती. तिघेही विद्वान रांगत पलंगाखाली शिरले. मला ना हसू आलं, ना रडू. मी स्वयंपाकघरातून बत्ता आणला आणि उरलेल्या गठ्ठ्यावर ठेवला.

"अहो वहिनी, आधी तो पंखा तरी बंद करा!" संचालक पलंगाखालून म्हणाले.

"नको," मी म्हणाले. "ह्यांना चालत नाही."