कुणाच्या विमानात कुणाचं तेल

सरोजिनीबाईंनी सोळा सोमवार धरले ते मुलाच्या, सौमित्रच्या नोकरीसाठी. नोकरी लागली, तीही सिंगापुरातल्या एका विमान कंपनीत. तळणीचं वापरलेलं तेल गोळा करून त्याचं विमानासाठी इंधन करायचं, हवेवरचा प्रदूषणाचा भार कमी करायचा, हे त्याचं खातं. तेव्हापासून तिथल्या सेंगकांग भागातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये बाई पुऱ्यांचं उरलेलं तेल गाळून बाटलीत भरून ठेवत. आपल्या पुऱ्यांवर विमान उडतं, याचं त्यांना कोण कौतुक!

आता उद्यापनाला पुण्याला जायचं होतं. जावेनं जोडपी सांगून ठेवली होती. आणि नेमकी जेवताना नात श्रिया तिथल्या 'लाह'वाल्या इंग्रजीत बोलून गेली, "नॉट ओन्ली युअर ऑइल, लाह, आजी. ॲनिमल फॅट पण असते त्यात."

बाईंचा घास हातातच राहिला. "सौमित्र, ही काय म्हणतेय?"

"खाटिकखान्यातली टाकाऊ चरबी असते थोडी. वाया जाण्यापेक्षा..."

"आणि त्यावर बसून मी उद्यापनाला जाऊ?"

"अगं, तुझ्याच विमानात असेल असं नाही. ते इंधन सोयीचं पडेल त्या विमानात भरतात. ज्यानं पैसे भरले, हवा राखल्याचं श्रेय त्याच्या नावावर."

"म्हणजे तेल एकाच्या विमानात, पुण्य दुसऱ्याला?"

"तू नाही का इथून दक्षिणा पाठवतेस? गुरुजी तिथे तुझ्या नावानं अभिषेक करतात."

हे मात्र बाईंना लख्ख पटलं, आणि तिथेच घोळ वाढला. पुण्य असं नावावर येतं, तर चरबीचं पापही येत असणार!

"त्यापेक्षा साध्या इंधनाचं विमान बरं."

"तेही कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या जिवांचंच, आई."

"तू जेव बघू मुकाट्यानं."

न जावं तर व्रत अपुरं. तेही याच्या याच नोकरीसाठी बोललेलं! महादेवाला तरी काय सांगायचं?

निघायच्या दिवशी सकाळी सौमित्रनं जमा करायला तेलाची बाटली उचलली. "थांब," म्हणत बाईंनी कुंडीतलं एक तुळशीचं पान त्यात सोडलं.

"आई, गाळणीत अडकेल ते."

"अडकू दे. तिथवर तरी सोबत जाईल."

तो गेला. बाईंनी बॅगेची चेन लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली.

"श्रिया, विमानात पाणी तरी चालेल ना गं मला?"

"वॉटर इज वॉटर, लाह, आजी."

बाईंना आता त्याचीही खात्री वाटेना.